येते म्हणाली की जाते?

जानेवारीतला शनिवार, सकाळची वेळ. ठिकाण गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर. हजर: मी, आणि माझ्या पाठीवर मुलीची केशरी सॅक. गैरहजर: माझी जुनी मैत्रीण. खरं तर तिनं तिथं यायचं ठरलंच नव्हतं. मीच दुपारी जेवायला तिच्या गारखेड्यातल्या घरी पोचणार होते. पण पुढं जे झालं ते पाहता हजेरी नीट मांडलेली बरी.

माझा कार्यक्रम कागदावर लिहिलेला होता. रात्रीच्या एसटीनं नाशिकहून निघायचं, पहाटे उतरायचं, सॅक पाठीला लावून जुनं शहर पायी फिरायचं, दुपारी मैत्रिणीकडं, दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर वेरूळ. मुलगी म्हणाली होती, "आई, लोक सॅक घेऊन हिमालयात जातात. तू गुलमंडीला चाललीस." मी म्हटलं, हिमालयात माझ्या ओळखीचं कोणी नाही.

या शहरात होतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी इथं डी.एड. केलं, गारखेड्यात भाड्याच्या एका खोलीत राहून. नंतर मी लग्न होऊन नाशिकला गेले. तिनं जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी धरली आणि पुढं गारखेड्यातच घर बांधलं. या भेटीच्या आदल्या वर्षी तिचा नवरा गेला. त्यानंतर तिनं नोकरी सोडली. मुलगा पुण्यात. फोनवर ती पूर्वी मला बोलू द्यायची नाही, आता "हं" आणि "चाललंय" एवढंच ऐकू यायचं. भेटायला जाणे, ही ओळ माझ्या यादीत कितीतरी महिने पुढच्या पानावर ढकलली जात होती. या वेळी मी ती ढकलली नाही.

कापडाच्या दुकानांची शटरं अर्धी वर गेली होती, पायरीवर पाणी मारणं चाललं होतं. एक दुकानदार माझ्या सॅककडं बघून म्हणाला, "आंटी, पहाड उधर है, वेरूळ की तरफ. यहाँ तो साड़ी मिलेगी." मी हसले, पुढं जाऊन चहा घेतला, आणि आपण कुठवर आलो हे मैत्रिणीला कळवावं म्हणून फोन काढला. पहाटे एसटीत झोपले असताना तिचा मेसेज येऊन पडला होता.

"सगळे वाटून टाकले. कपडे. भांडी. पुस्तके. आता काही उरले नाही. किल्ली शेजारी आहे. तुझ्यासाठी एकच. जाते."

तिचं लिहिणं पहिल्यापासून असंच, एकेका शब्दावर पूर्णविराम. बोलायला लागली की लई, व्हय, नाय, आणि लिहायला बसली की पाठ्यपुस्तक. त्यामुळं पहिल्यांदा वाचताना मला काही वाटलं नाही. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा शेवटच्या शब्दाशी थांबले.

ती हा शब्द कधीच वापरत नसे. आमच्या खोलीतून कोणी निघताना चुकून "जाते गं" म्हणालं, तर ही चपला घालून तिच्यामागं रस्त्यापर्यंत धावायची. "जाते म्हणू नाय. येते म्हण. म्हण आधी." एकदा आमच्या घरमालकिणीला तिनं अर्ध्या जिन्यातून परत बोलावून "येते" म्हणायला लावलं होतं. ती बाई वयानं तिच्या आईएवढी. अख्खी गल्ली हसली, पण ही हटली नाही. तिचे वडील "जातो" म्हणून शेताकडं निघाले आणि आलेच नाहीत, हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं.

आणि तिनंच लिहिलं होतं, जाते.

मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. चहा तसाच ठेवला. सगळे वाटून टाकले. किल्ली शेजारी. तुझ्यासाठी एकच. एकच काय? मला एकच उत्तर सुचत होतं. दार उघडायचं काम तिनं माझ्यासाठी ठेवलं होतं. मुलगा पुण्यात, शेजारीण बिचारी घाबरेल, म्हणून मी. मी यादी करून कामं उरकणारी. मी येणार हे तिला माहीत होतं, वेळसुद्धा मीच कळवली होती.

रिक्षा मिळेपर्यंत मी औरंगपुऱ्यापर्यंत जवळजवळ पळत गेले. सॅक पाठीवर आपटत होती.

"गारखेडा. जल्दी."

"जल्दी तो सबको है, मॅडम," रिक्षावाला म्हणाला. मग त्यानं आरशात माझ्याकडं पाहिलं. गर्दीत हॉर्नवरचा अंगठा त्यानं काढलाच नाही.

रिक्षात मी मनातल्या मनात यादी करायला लागले. घाबरले की मी हेच करते. रुग्णवाहिकेचा नंबर. तिच्या मुलाचा नंबर. तो माझ्याकडं नव्हता. तिच्या घरी आतून कडी असली तर? किल्ली शेजारी आहे म्हणजे कडी बाहेरून. बाहेरून कुलूप म्हणजे ती आत नाही. मग कुठं? हा प्रश्न आल्यावर यादी पुढं सरकेना. मी सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला असलेली शिट्टी धरून बसले होते. डोंगरात हरवलं तर वाजवायची असते ती.

घराला कुलूप होतं. दारापुढचं तुळशीचं वृंदावन रिकामं, त्यातली मातीसुद्धा नेलेली. शेजारीण ओट्यावर पालेभाजी निवडत बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नाशिकच्या का तुम्ही? पाठीवर पोतं घेऊन येईल म्हणली होती ती. किल्ली ठिवलीय तुमच्यासाठी."

"ती कुठं गेली?"

"गेली सकाळीच. पिशवी होती काखंत."

"काही बोलली का?"

"किल्ली द्या म्हणली."

"नाही, निघताना काय म्हणाली? येते म्हणाली की जाते?"

शेजारणीचा हात भाजीतच थांबला. "आता ते कुठं ध्यानात ठिवायचं, बाई? का व, काय झालं?"

"ताई, जरा आठवा."

"मी नळाला पाणी भरत होते. पाण्याच्या आवाजात ऐकलं का नाय तेच आठवंना." मग माझा चेहरा बघून तिनं भाजी बाजूला सारली आणि स्वतः किल्ली घेऊन पुढं झाली. कुलूप तिनंच काढलं. पण दार ढकलायची वेळ आली तेव्हा ती मागं सरली. "तुम्ही व्हा आत. मी आहे इथं उभी."

मागच्या दारानं ती परत आली नसेल कशावरून, म्हणून मी आत गेले. पुढची खोली रिकामी. भिंतीवर कपाटाच्या आकाराचा पांढरा चौकोन, खिळे, कॅलेंडरची दोरी. प्रत्येक खोलीत मी आधी वर पाहत होते, मग खाली. झोपायची खोली रिकामी. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं. त्या दारासमोर मी किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही. बोटांनी ढकललं. उपडी बादली आणि तिच्यावर तांब्या.

स्वयंपाकघरात एक चटई, दोन ताटल्या, तवा, गॅसची शेगडी, कॉक बंद केलेला. कॉक बंद आहे ना, हे मी दोनदा पाहिलं. कोपऱ्यात जुन्या चादरीखाली काहीतरी ठेवलं होतं, बुटकं. मी सॅकसकट त्याच्यावरच बसले. कडक होतं, गार होतं.

"नाय ना तिथं?" शेजारीण दारातून म्हणाली.

"नाही."

"मंग बरं झालं की."

पण बरं काही झालं नव्हतं. ती इथं नव्हती, एवढंच कळलं होतं. मी मेसेज शेजारणीला वाचून दाखवला. तिनं पदर तोंडाला लावला. "टेम्पो आलता परवा. सामान नेलं. मी विचारलं तर म्हणली, आता काय करायचं एकटीला एवढं." मग हळूच, "रडली नव्हती पण. रडली असती तर मला समजलं असतं."

पोलिसांकडं जावं का, हे आम्ही बोलतच होतो. शेजारीण म्हणत होती, आधी दुपार होऊ द्या. मी म्हणत होते, दुपारपर्यंत थांबण्यासारखं नाही. मी उठून सॅकचे पट्टे आवळत होते, आणि बाहेर फाटक वाजलं.

"अगं ए भवाने! कुठं उलथली होतीस तू?"

ती दारात उभी होती. काखेत पिशवी, हातात मेथीची जुडी, कपाळावर घाम. वजन उतरलं होतं, केस पांढरे झाले होते, आवाज तोच.

"भाजीला निघाले ते म्हटलं तुला तिथूनच घिऊन यावं, अख्खी गुलमंडी पालथी घातली मी तुझ्यापायी! साडीच्या दुकानवाला म्हणाला, एक आंटी आलती केशरी पोतं घिऊन, पळत पळत औरंगपुऱ्याकडं गेली. म्हटलं, हिला काय कुत्रं लागलं मागं?"

मी तिला धरलं आणि सोडलंच नाही. सॅक पाठीवर असल्यानं तिचे हात मला पुरत नव्हते. ती म्हणाली, "अगं मेथी चुरगळली."

"फोन बंद का तुझा?"

"चार्जर टेम्पोत गेला. खोक्यात भरला मेल्यांनी. पहाटे तुला मेसेज टाकला अन् डोळे मिटले त्यानं."

"आणि मेसेज काय टाकलास?"

"काय टाकलं? सगळं वाटून टाकलं, तुझ्यासाठी एकच ठिवलंय."

"काय एकच?"

"लिहिलं की. जातं." तिनं कोपऱ्यातली चादर ओढली.

खाली जातं होतं. दगडी, लहानसं, खुंट्याचं लाकूड हाताळून काळं झालेलं. मी इतका वेळ ज्यावर बसले होते ते. तिच्या आईनं एसटीच्या टपावरून आमच्या खोलीवर पाठवलेलं, ज्यावर आम्ही तूर भरडायचो आणि मेतकूट दळायचो. हिचं लग्न ठरल्यावर हे माझं, असा तेव्हा करार झाला होता. लग्न झालं आणि जातं तीच घेऊन गेली.

मी फोन तिच्यापुढं धरला. "वाच."

तिनं चष्मा लावून वाचलं. "बरोबर तर आहे. डी.एड.ला बाई गुण कापायच्या, विसरलीस? बोलायचं डोकं, लिहायचं डोके. बोलायचं केळं, लिहायचं केळे. बोलायचं जातं..." आणि तिचा आवाज तिथंच थांबला. पुन्हा वाचलं. या वेळी माझ्यासारखं, शेवटच्या शब्दापर्यंत.

शेजारीण आधी हसली. मग मैत्रीण हसायला लागली, भिंतीला टेकून, पोट धरून. "अगं आई गं. जाते! मी, अन् जाते म्हणीन!" शेजारीण म्हणाली, "अन् ह्या बाईनं मला धरून विचारलं, येते म्हणली का जाते. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला प्रवासानं." मी हसले नाही. सॅक उतरवायची राहिली होती, ती उतरवली.

शेजारीण गेल्यावर आम्ही चटईवर बसलो. मी विचारलं, घर का मोकळं केलं, मला का सांगितलं नाही.

"पोराकडं चालले पुण्याला. सोमवारी. फोनवर सांगितलं असतं तर तू पॅकिंगची यादी पाठवली असतीस. तीन रंगांत."

"पाठवली असती."

ती मेथी निवडत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "तू एवढी पळत आलीस म्हणजे तुला खरंच वाटलं."

"हो."

"कशावरनं?"

"तू फोनवर नुसतं हं म्हणतेस त्यावरनं."

एक काडी तिनं उगाच तीनदा मोडली. "पावसाळ्यात आलतं मनात," ती म्हणाली. "आता नाय. पण त्या तिकडं, दहाव्या मजल्यावर, दिवसभर दार लावून बसायचं... ते काय व्हईल सांगता येत नाय." मग लगेच, "भाकरी खाशील ना? पीठ आणलंय."

मुलाशी यातलं काही बोलली आहेस का, असं मी विचारलं. ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, मग आज बोलायचं, माझ्यासमोर, माझ्या फोनवरून. ती कुरकुरली, पण संध्याकाळी बोलली. मुलगा म्हणाला, रविवारीच येतो. त्याचा नंबर मी घेतला. पुण्यात चांगल्या डॉक्टरकडं जायचं, हेही तिघांनी मिळून ठरवलं. वेरूळ राहिलं.

रविवारी सकाळी मुलगा आला, दुपारी माझी एसटी होती. जातं न्यायचं म्हणून आम्ही दोघींनी ते सॅकमध्ये घालून बघितलं. वरचा दगड आत गेला, सॅक उचलली, आणि शिवण उसवायला लागली. ती म्हणाली, "राहू दे. कंबर मोडून घेशील." खुंटा तेवढा काढून तिनं माझ्या सॅकच्या कप्प्यात खोचला. जातं शेजारणीच्या ओट्यावर ठेवलं. "न्यायला येशील तवा मला सांग. मी पण येते पुण्याहून."

रिक्षात बसताना मी थांबले. "म्हण."

"काय?"

"आता जे म्हणालीस ते."

"येते," ती म्हणाली. "येते बाई, येते. बस आता."

त्याला वर्ष होत आलं. दर रविवारी मी फोन करते, आणि तिनं उचलेपर्यंत मला त्या न्हाणीघराचं दार दिसतं. कधी ती भरपूर बोलते, कधी नुसतं हं. हं आलं की मी मुलाला लावते. शेजारणीनं कळवलंय की जात्यावर मांजर झोपतं. खुंटा माझ्या स्वयंपाकघरात खिडकीत उभा आहे. जायचा दिवस दोनदा ठरला, एकदा माझ्याकडून मोडला, एकदा तिच्याकडून. माझ्या यादीत ती ओळ अजून तशीच आहे, आणि मी ती अनुस्वार देऊन लिहिली आहे: जातं आणायचं.