मागच्या डाव्या चाकाचा आवाज

माझी पहिली गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी हातून आलेली होती, आणि मला ती लाज वाटण्याइतकी उंच दिसायची. हिंजवडीत तेव्हा कंपन्या भराभर उभ्या राहत होत्या. आम्ही पंचविशीतली मुलं अचानक गाडीवाले झालो होतो आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये कुणाची गाडी रस्त्याला किती चिकटून आहे यावर माणसाची पत ठरायची. शुद्ध मूर्खपणा होता. पण तेव्हा कुणी तसं म्हटलं असतं तर मी महिनाभर त्याच्याशी बोललो नसतो.

एका दुकानात जाऊन मी चारही स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे कापून घेतले. गाडी खाली आली. मग त्या बसक्या गाडीला मूळची तेरा इंची चाकं फारच केविलवाणी दिसायला लागली, म्हणून पंधरा इंची अलॉय चाकं आणि रुंद टायर आणले. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत बाबा खाली उतरले आणि गाडीभोवती एक फेरी मारून आले. एका कारखान्याच्या टूलरूममधून ते निवृत्त झाले होते. दोन वस्तूंमध्ये फट किती हवी, हा त्यांच्या पोटापाण्याचा विषय.

"आधी गाडी खाली बसवलीस, मग चाकं मोठी केलीस," ते म्हणाले. "आता त्यांना राहायला जागा कुठं देणार आहेस?"

जागा नव्हतीच. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढची चाकं आतल्या प्लॅस्टिकला घासायची, आणि मागे कुणी बसलं की मागची चाकं वरच्या कमानीच्या पत्र्याला. खर्रर्र असा आवाज यायचा आणि पाठोपाठ रबराचा वास. आई पुढे बसायची, कारण मागे बसलं की तिला मळमळायचं. बाबा मागे डावीकडे, खिडकीशी. कंपनीच्या बसमध्ये ते तीस वर्षं तिथेच बसले होते, आणि मुलाने गाडी घेतली एवढ्यावरून जागा बदलण्याचं त्यांना काही कारण दिसत नव्हतं. त्यामुळे सगळ्यांत मोठा आवाज मागच्या डाव्या चाकाचा.

मला एवढंच हवं होतं की बाबांनी माझ्या गाडीत मागे बसावं आणि घरापासून शनिवार पेठेतल्या आत्याच्या घरापर्यंत तो आवाज एकदाही होऊ नये. माझ्या नोकरीचं त्यांनी कधी कौतुक केलं नव्हतं. मी दिवसभर संगणकावर जे करायचो ते त्यांना हातात घेऊन बघता येत नव्हतं. गाडी बघता येत होती.

नाना पेठेत एक पत्र्याचं काम करणारे कारागीर होते. त्यांच्या आजोबांनी टांगे दुरुस्त केले होते, वडिलांनी रिक्षा, आणि आता ते माझ्यासारख्या उत्साही गिऱ्हाइकांची पापं निस्तरत होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मी एकटाच गाडी घेऊन गेलो तेव्हा त्यांनी वाकूनसुद्धा पाहिलं नाही.

"रिकामी गाडी बघून मी काय करू?" ते म्हणाले. "घरात कोण कुठं बसतं? त्यांना घेऊन ये. जो जिथं बसतो तिथं बसव. मग बघतो."

मला वाटलं चाचा टाळताहेत. पण पुढच्या रविवारी आई पुढे, बाबा मागे डावीकडे, अशी आमची वरात नाना पेठेत पोचली. बाबांनी खिशातून आपली स्टीलची पट्टी काढली. चाचांनी ती पाहिली आणि दोघांचं पाच मिनिटांत असं जमलं की मला कुणी विचारेना. चाचांनी कमानीच्या आतल्या कडेला खडू फासला, एक चक्कर मारून यायला सांगितलं, आणि आल्यावर खडू कुठे पुसला गेलाय ते बघितलं. मग पुढच्या प्लॅस्टिकचा कोपरा कापला. मागच्या कमानीची आत वळलेली धारदार कड गरम केली, टायर आणि पत्र्याच्या मध्ये लाकडी मुसळ घातलं आणि गाडी हळूहळू पुढे-मागे ढकलायला लावून ती कड वर दुमडली. रंगाला तडा गेला नाही. बाबा म्हणाले, "हात चांगला आहे." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून माझ्याबद्दल कधी ऐकलं नव्हतं, आणि मला चाचांचा चक्क हेवा वाटला.

तीन चाकं गप्प झाली. चौथं, बाबांच्या खालचं, फक्त आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळच्या उंच स्पीडब्रेकरवर घासत राहिलं.

"बाबा बसले की तिथं करंगळीपण जात नाही," चाचा म्हणाले. "पत्रा आता आणखी वळणार नाही. गाडी थोडी वर घे, नाहीतर टायर बारीक घाल."

मी दोन्हींपैकी काहीच करणार नव्हतो. शेवटी तोडगा बाबांनीच काढला. स्पीडब्रेकर आला की ते म्हणायचे, "थांब जरा," आणि खाली उतरायचे. मी गाडी पलीकडे न्यायचो, ते मागून हात पाठीशी बांधून चालत यायचे आणि पुन्हा बसायचे. फाटकावरचा वॉचमन हसायचा. पहिल्या मजल्यावरचे एक काका एकदा गॅलरीतून म्हणाले, "काय हो, मुलाने गाडीतून काढलं का?" बाबा म्हणाले, "नाही, गाडीला माझं ओझं झालंय." आणि मी, सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या बापाला दर वेळी उतरवत होतो आणि आरशात चाकांची चकाकी बघत होतो. आज ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

दिवाळीच्या सुमारास एकदा बाबा विचारांत होते, उतरायचं विसरले, आणि गाडी स्पीडब्रेकरवरून तशीच गेली. आवाज झाला नाही. मी गाडी मागे घेतली, पुन्हा नेली. आवाज नाही. मला इतका आनंद झाला की मी स्टिअरिंगवर थाप मारली. टायरचा खांदा घासून झिजला असेल, नाहीतर स्प्रिंगा आता मुरल्या असतील, असं मी बाबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "असेल." ऑफिसात नवीन आलेल्या मुलांना मी रोज एकच गोष्ट बजावायचो की प्रोग्रॅममधला बग, म्हणजे चूक, आपोआप गेला असेल तर तो गेलेला नाही; तो का गेला ते सापडेपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही. माझ्या स्वतःच्या गाडीपुढे मी ते साफ विसरलो. त्या दिवसापासून बाबा उतरेनासे झाले. आम्ही शनिवार पेठेत गेलो, कोथरूडला लग्नाला गेलो, चारी चाकं गप्प. मी आरशातून बाबांकडे बघून हसायचो आणि तेही हसायचे.

चार महिन्यांनी मी पेढे घेऊन चाचांकडे गेलो. बाबांनाही नेलं, ते मागे बसूनच होते. चाचांनी पेढा तोंडात टाकला, सवयीने खाली बसले आणि मागच्या डाव्या कमानीत बोट घातलं. ते सहज आत गेलं. मग त्यांनी टायरच्या कडेवरून हात फिरवला. पुन्हा बोट घातलं. मला बाजूला घेऊन ते हळू आवाजात बोलले.

"टायर झिजलेला नाही. आणि स्प्रिंग मुरली तर गाडी अजून खाली येते बेटा, वर येत नाही. ही वर आलीय." त्यांनी एकदा मागच्या खिडकीकडे पाहिलं. "साहेबांना दवाखान्यात घेऊन जा."

मी वळून पाहिलं. बाबा खिडकीशी बसले होते. शर्टाच्या कॉलरमध्ये त्यांची मान एखाद्या शाळकरी पोरासारखी बारीक दिसत होती. रोज एकत्र जेवायला बसत होतो आम्ही, आणि मला ते नाना पेठेत दिसलं.

गाठ पोटात होती. डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून कमी होतंय? बहुतेक घरच्यांना हे नक्की सांगता येत नाही म्हणे. मला आठवडासुद्धा सांगता आला.

वॉर्डात मी बाबांना विचारलं, तुम्हाला कळलं नव्हतं का? ते म्हणाले, "पट्ट्याला दोन भोकं पाडली होती की मी. कळणार नाही कसं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढा खूश होतास," ते म्हणाले. "म्हटलं, चाललंय तोवर चालू दे."

त्यानंतर उपचारांसाठी दर आठवड्याला जावं लागायचं. आई पुढे, बाबा मागे डावीकडे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की औषध लागू पडलं तर वजन भरेल. ते मी डोक्यात धरून बसलो. फाटकाजवळचा स्पीडब्रेकर आला की माझं सगळं अंग कान व्हायचं. एका सकाळी मी ब्रेकच लावला नाही. जोरात गेलो तर घासेल, थोडं तरी घासेल, असं वाटलं. गाडी उडाली आणि आदळली. चाक गप्पच राहिलं.

"हळू घे रे," बाबा मागून म्हणाले. "दुखतं."