शनिवारी पेन न धरणारे सर

हे किशोरी लिहिणारच नव्हती. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. पण एलियाहू सर पुढच्या महिन्यात लेकीकडे, तोवाकडे, इस्रायलला चाललेत. कायमचे.

सर पोस्टातून रिटायर झालेले. गणिताची डिग्री नाही, पण तीस वर्षं स्कीम आणि मॉर्फिझम वाचतायत. किशोरी करंजाड्याहून त्यांच्याकडे शनिवारी जायची, तिला सुट्टी तेव्हाच. आणि शनिवारी सरांचा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार, पेनाला हात नाही. सगळं तोंडी.

"मी लिहून घेऊ का, सर?"

"घे की. पण चुकलं तर आज मला खोडता येणार नाही."

"स्वतःचं चुकलेलं यांना रविवारीही खोडवत नाही," जोकबेद काकू आतून म्हणाल्या.

मग ती नुसती ऐकायची. एकदा प्रॉपर मॉर्फिझम निघालं. "स्कीम म्हणजे समीकरणांनी बांधलेली जागा, मॉर्फिझम म्हणजे एका जागेतून दुसरीत जायचा रस्ता," सर म्हणाले. "रस्त्याचा गुण खरा कधी? खालची जागा बदलली तरी टिकला तर. रेषा एका बिंदूवर दाबली, बंद आकृतीची सावलीही बंद, म्हणजे भोक नाही, छान. आता बिंदूच्या जागी रेषा ठेव." त्यांनी भिंतीवर हाताची सावली पाडली. "एक्स वाय बरोबर एक. आकृती बंद, पण सावली बघ, शून्यापाशी भोक. गेला गुण."

घरी येऊन तिने एका दमात टाइप केलं. कॉलेजच्या गणित विभागात सेमिनारला तेच बोलली. मॅडमनी विचारलं, "ही सावली कुठून सुचली गं?"

"अशीच सुचली."

बस, एवढंच बोलली. ते विभागाच्या अंकात तिच्या नावाने छापून आलं. तिने स्टेटसला टाकलं, सर स्टेटस बघतात हे विसरून.

रविवारी सरांचा फोन. "छान लिहिलंयस. फक्त व्याख्येत फायनाइट टाइपची अट राहिलीय. त्या दिवशी मीच बोलायला विसरलो. माझी चूक तुझ्या नावावर नको, दुरुस्त करून घे."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर तीन महिने ती तिकडे फिरकली नाही. सरांच्या घरी चांगली, सेमिनारमध्ये खोटी. जागा बदलली आणि हिचा गुण गेला.

काल तिने मॅडमना खरं सांगितलं. पुढच्या अंकात सरांचं नाव येईल. पण सरांना अजून सांगायचंय, तोंडी, त्यांच्यासमोर बसून. या शनिवारी जातेय.

सरांकडे कधी काही शिकला असाल तर तुम्हीही जा. सिनेगॉगच्या मागची गल्ली, पहिला मजला. पेट्या बांधायला लागलेत, लवकर जा.