वयनींचा सुटलेला अंबाडा

वयनींचा अंबाडा संध्याकाळपर्यंत कधी टिकला नाही. सकाळी लायब्ररी उघडताना तो गच्च बांधलेला, गजरा माळलेला असे, आणि दिवे लागेपर्यंत त्याची पार मानेवर उतरलेली झुरळाच्या मिशीएवढी शेपटी झालेली असे. कारण एकच. आम्हा पोरांना कादंबरी देताना वयनी अंबाड्यातला एक आकडा उपसायच्या आणि पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्याने बंद करून टाकायच्या. इथपर्यंत घरी वाचायचं. पुढचं लायब्ररीत येऊन, त्यांच्यासमोर बाकड्यावर बसून. वाचून झालं की आकडा परत अंबाड्यात.

खांदा कॉलनीतल्या ज्या इमारतीत ही लायब्ररी होती, ती वयनींच्या सासरच्या जमिनीवरच उभी राहिलेली. शेजारच्या गाळ्यांत मेडिकल आणि मोबाईलची दुकानं, आणि मधल्या गाळ्यात ही बाई पुस्तकं मांडून बसलेली. दिराचे ट्रक कळंबोलीला. तो येताजाता गाडी थांबवून ओरडायचा, "वयनी, जेवलीस काय?" त्यावरून अख्खी कॉलनी त्यांना वयनी म्हणू लागली. माझे बाबासुद्धा. हातात सोन्याच्या जाडजूड बांगड्या, पुढ्यात वर्तमानपत्र पसरून त्यावर निवडायला घेतलेला सुका जवळा. पुस्तकांना मासळीचा वास लागतो म्हणून आमच्या आया कुरकुरायच्या. लागायचाच! अजूनही जवळ्याचा वास आला की मला काहीतरी वाचावंसं वाटतं.

पुस्तक देताना वयनी वय, इयत्ता असलं काही विचारत नसत. त्यांचा प्रश्न ठरलेला: "सध्या कुनावर रागावलीस?" बहिणीवर म्हटलं की एक पुस्तक, बाबांवर म्हटलं की दुसरं, मैत्रिणीवर म्हटलं की "तिचं नाव सांग, तिला पन देते." कोणावरच नाही असं एकदा मी म्हणाले, तर माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "या वयाचं पोर आनि रागावलेलं नाय? ताप हाय काय गो तुला?"

एकदा वरच्या मजल्यावरच्या काकू आपल्या लेकीला घेऊन आल्या. "हिला जरा नॉलेज वाढेल असं काहीतरी द्या." वयनींनी जवळ्यातून मान वर केली. "नॉलेज क्लासमध्ये मिळतं की. इथं गोष्टी मिळतात." काकू तणतणत गेल्या. लेक मात्र दुसऱ्या दिवशी एकटीच आली, आणि आईवर रागावल्याचं पुस्तक घेऊन गेली.

आता त्या आकड्याचं. आम्हाला वाटायचं, आमची उत्सुकता ताणायला हा खेळ आहे. तसं नव्हतं. आकडा जिथे लागायचा तिथपर्यंतच वयनींनी स्वतः वाचलेलं असायचं! शेवट त्या वाचतच नसत. आम्ही बाकड्यावर बसून तो संपवायचा आणि त्यांना सांगायचा. मी एकदा म्हटलं, "वयनी, ही काय पद्धत झाली?" तर म्हणाल्या, "मला सगळंच माहीत असलं तर तुमी माझ्याशी बोलनार काय?" खरंच होतं ते. घरी चार शब्दांच्या वर न बोलणारी पोरं त्या बाकड्यावर बसून तासभर बडबडायची.

मी नववीत होते आणि आई मुंबईला हॉस्पिटलात होती. बाबा तिथे, घरी आत्या. काय झालंय म्हणून विचारलं की आत्या म्हणायची, "तू अभ्यास कर." फोनवर बाबा म्हणायचे, "सगळं ठीक आहे." ठीक आहे तर मला भेटायला का नेत नाहीत? एका दुपारी लायब्ररीत गेले. वयनींनी ठरलेला प्रश्न विचारला. मी म्हटलं, "सगळ्यांवर. मला कोणीच काही सांगत नाही."

बराच वेळ त्या कपाटाशी उभ्या होत्या. मग एक पातळसं पुस्तक काढलं, आकडा लावला. एका मुलीची आई दूरच्या शहरात आजारी आहे आणि घरातली मोठी माणसं तिच्यापासून सगळं लपवतात, अशी गोष्ट. बाई गं, ते पुस्तक म्हणजे मीच होते! शाळेतही दप्तरात लपवून वाचलं आणि तिसऱ्या दिवशी धावत लायब्ररीत आले. वयनींनी आकडा काढला, अंबाड्यात खोचला. मी बाकड्यावर बसून शेवट वाचला.

त्यात आई मरते.

पंखा फिरत होता. वयनी जवळा बाजूला सारून पुढे वाकल्या होत्या. "सांग ना गो. काय झालं?" त्यांनाही आई घरी यायलाच हवी होती, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. आणि मला पुस्तकातलं ते वाक्य तोंडातून काढवेना. काढलं असतं तर ते खरं झालं असतं, असंच मला तेव्हा वाटलं.

"आई घरी आली," मी म्हणाले.

"कशी आली?"

"रिक्षातून. हातात पिशवी होती. दारातूनच म्हणाली, दूध उतू चाललंय, वास येतोय मला. मग ती मुलगी गॅस बंद करायला पळाली."

वयनी माझ्याकडे बघत राहिल्या. "बरं झालं गो," म्हणाल्या, आणि पुस्तक कपाटात न ठेवता स्वतःच्या मांडीखाली सरकवलं. मग चपला घातल्या, लायब्ररी तशीच उघडी टाकून माझ्याबरोबर घरी आल्या. आत्याला म्हणाल्या, "पोरीला आईकडं न्या. काय हाय ते तिला बघू दे." आत्या काहीतरी बोलायला गेली. "उद्याच न्या," वयनी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी आईच्या पलंगावर बसले होते. आई खूप वाळली होती, पण माझी वेणी बघून "कुणी घातली ही असली?" म्हणाली. महिन्याभराने ती घरी आली.

आता मी खारघरच्या एका शाळेत शिकवते. पोरांना पुस्तक देताना वयनींचाच प्रश्न विचारते. त्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

वयनी गेल्या, त्याच्या आठवडाभर आधी मी त्यांना दवाखान्यात भेटायला गेले होते. आकडा धरतील एवढेही केस राहिले नव्हते. मला पाहून म्हणाल्या, "ये गो. गोष्ट सांग." मी नव्या कादंबरीची सुरुवात केली, तर हात हलवून थांबवलं.

"नवी नको. ती सांग, आई घरी येते ती."

"वयनी, त्या पुस्तकात तसं..."

"माहीत हाय. तुला घरी सोडून आले आनि लगेच वाचला मी शेवट. माझंच चुकलं होतं, न वाचता दिलं तुला. बसून रडले." थोडा दम घेतला. "पन तुझावाला बरा हाय. तो सांग."

मी स्टूल पुढे ओढलं, त्यांचा हात हातात घेतला. बांगड्या काढून ठेवलेल्या होत्या.

"रिक्षा दाराशी थांबली," मी म्हणाले. "आई उतरली."

"पिशवी?"

"हातात होती."

वयनींनी डोळे मिटले. "आनि दूध?"

"नाही गेलं उतू, वयनी. पोरगी वेळेवर पोचली."