कॉलरमागचा अंगठा

चौकातला अर्धपुतळा आज सफाईवाल्या मावशी स्टुलावर चढून धूत होत्या. कॉलरच्या मागे त्यांचं फडकं थांबलं. मी खाली बघत उभी होते. "ताई, हा डाग काही निघत नाही," त्या म्हणाल्या.

हा पुतळा मी घडवत होते, तो अजून मातीचाच होता, तेव्हा पुतळा समितीचे अध्यक्ष बघायला आले होते. म्हणाले, "मॅडम, पाटीवर तुमचं नाव नको. पेपरात तुम्ही साहेबांची व्यंगचित्रं काढता, आणि अनावरणाला साहेबच येतायत." ते गेल्यावर मी ओल्या मातीत अंगठा दाबला. ब्राँझमध्ये तो जसाच्या तसा उतरला. अनावरणाच्या दुसऱ्या दिवशी माझं व्यंगचित्र छापून आलं: साहेबांच्या नावाची पाटी एवढी मोठी, की पुतळा मान उंचावून तिच्यावरून डोकावतोय. खाली माझी ठसठशीत सही.

वडील जन्मभर अंगठा उठवत आले, तोही मान खाली घालून. घरात सही करणारी पहिली मी. पण त्यांचा अंगठाही मी सोडलेला नाही.

"डाग नाही मावशी, माझं नाव आहे ते."

त्यांनी आपला अंगठा त्यात ठेवून पाहिला. "माझाबी बसतोय की," म्हणाल्या, आणि तेवढी जागा घासून घासून लखलखीत केली.