अर्धी जळालेली मण्यार

पाचवीत शाळा सोडून मी चांद्याहून इतक्या लांब आलो आणि प्राणिशास्त्राच्या एका सरांबरोबर मुळशीत साप गोळा करू लागलो. साठ सालच्या सुमाराची ही गोष्ट. पौडच्या पुढे ज्या घरी आम्ही उतरलो होतो, तिथल्या मावशी मला पोटच्या पोरासारखं जेवू घालत.

सर सांगायचे, "रंगावर जाऊ नकोस. कवड्या आणि मण्यार दोघांच्याही अंगावर पांढरे पट्टे. पण मण्यारीच्या पाठीवर मधल्या ओळीतले खवले मोठे, सहा कोनांचे. ती नागाच्या भावकीतली. कवड्याचं कुळच वेगळं, बिनविषारी."

सर पुण्याला गेले होते त्या सकाळी मावशींनी गोवऱ्यांच्या ढिगात हात घातला आणि त्यांना साप चावला. मी ओढ्यावरून परतलो तेव्हा साप मारून झाला होता आणि अंगणात जळत होता. तिथली रीतच तशी. मारलेलं जनावर जाळलं नाही तर डूख धरतं.

"कवड्या हाय," मावशींचे दीर म्हणाले.

मावशी भाकरी थापत होत्या. "मुंगी चावल्यावानी बी न्हाई झालं."

नेमकं तेच मला ऐकायचं नव्हतं. मण्यार चावली तर दुखत नाही, हेही सरांनीच सांगितलं होतं. मी काठीनं साप जाळातून ओढला.

दीर खवळले. "आरं, इस्तवातनं काढतुयास? पाचवी शिकल्यालं तू, मास्तर झालास व्हय?"

डोकं जळून गेलं होतं. मी पाठीवरची राख पुसली. मधली ओळ मोठी होती. कोन मोजले. सहा. माझंच चुकत असावं म्हणून पुन्हा मोजले.

"मण्यार आहे. आत्ताच्या आत्ता पुण्याला न्यायला हवं."

"येडा हाय ह्यो," मावशी हसल्या. पण त्यांच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. "झोप येतीया रं..."

दीरांनी ते पाहिलं. ते रस्त्याकडे धावले आणि त्यांनी कोळशाचा ट्रक अडवला. मी साप फडक्यात बांधून बरोबर घेतला.

पिरंगुटच्या पुढे मावशींची वाचा गेली. मी नुसता त्यांची छाती हलतेय का ते बघत होतो. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "कुठला साप?" मी फडकं सोडून साप दाखवला. लगेच लस टोचली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न, "जाळलं का रं त्येला?"

"हो," मी म्हणालो.

पुण्यातच असलेल्या सरांनी त्या सापाला आदल्या दिवशीच बाटलीत घालून वर कुळाचं नाव चिकटवलं होतं. पुढं वर्षभर ती बाटली मावशींच्याच घरात होती, माझ्या उशाशी, फडक्याखाली.