पस्तीस वर्षे बिघडलेले मशीन

महापालिकेची नोटीस आली तेव्हा काका एका गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस ब्रशने झटकत होते. मंडईच्या कोपऱ्यावर एका खुर्चीचे त्यांचे सलून पस्तीस वर्षे होते. नोटीस त्यांनी दोनदा वाचली आणि आरशापुढे ठेवून दिली.

शहराचे दोन भाग होते. चढावर काकांची जुनी वस्ती होती आणि खाली बंदरवस्ती. बंदरवस्तीतल्या लोकांचे आजोबा-पणजोबा समुद्रापलीकडून गोदीच्या कामाला आलेले, वर्णाने काळे, केसांनी दाट कुरळे. आदल्या वर्षी एका सलूनवाल्याने त्यांच्यापैकी एकाला दारातून परत पाठवले, आणि शब्दाने शब्द वाढून प्रकरण हातघाईवर गेले. मग महापालिकेने वांशिक सलोखा समिती नेमली. भाषणे झाली, फलक लागले. त्यानंतर समितीतल्या कुणाला तरी सुचले की माणसे एकमेकांना टाळतात ती नेमकी कुठे, हे आधी पाहावे. पाहणीत सलूनचे नाव सर्वांत वर निघाले. म्हणून ही नोटीस होती : दोन्हीकडच्या कारागिरांनी दहा दिवस एकमेकांकडून केस कापायला शिकावे, परीक्षा द्यावी, आणि मगच परवान्याचे नूतनीकरण होईल.

"मी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही," काका घरी म्हणाले.

बायको सलूनचे टॉवेल घडी करत होती. "नाही म्हटलं नाहीत. मशीन बिघडलंय म्हटलंत."

"बिघडायचं कधी कधी."

"बंदरवस्तीचा माणूस दारात दिसला की बिघडायचं. तो वळला की दुरुस्त. अहो, नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुमचं ते मशीन."

काकांच्या मनात द्वेष होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांना ते केस कापता येत नव्हते, आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या बाकासमोर हात चुकेल ही भीती होती. पण दारातून परत जाणाऱ्याला आतली भीती दिसत नाही, त्याला बंद दारच दिसते. हे काकांना कळत होते, म्हणूनच बायकोचे बोलणे झोंबले.

प्रशिक्षण महापालिकेच्या शाळेत होते, दोन्हीकडचे मिळून बारा कारागीर. शिकवणाऱ्या बाई बंदरवस्तीतल्या सलूनवाल्या, वयाने काकांच्या मुलीएवढ्या. दुसऱ्या दिवशी बंदरवस्तीतला एक बसड्रायव्हर आपणहून काकांच्या खुर्चीत बसला. "दोन बोटं ठेवा," म्हणाला.

बाई शेजारच्या खुर्चीपाशी होत्या. काकांचा हात सवयीने पाण्याच्या बाटलीकडे गेला. त्यांनी डोके भिजवले, केस ताणून विंचरले, दोन बोटांत धरून सफाईने कापले. पस्तीस वर्षांचा हात होता, रेषा सरळ आली. मग केस वाळू लागले, आणि वाळता वाळता आखडत गेले. दोन बोटांचे अर्धे बोटही उरले नाही.

ड्रायव्हरने आरशात पाहत डोक्यावर दोन बोटे आडवी धरून पाहिली. "दोन बोटं सांगितली," तो म्हणाला, "पण कुणाची, ते सांगायचं राहिलं."

सगळे हसले. काकांचे कान तापले.

"काका, हे केस ओले असले की लांब दिसतात," बाई म्हणाल्या. "कोरडेच कापायचे. पहिल्यांदा सगळेच फसतात. मी तुमच्याकडच्या एका बाईंचे सरळ केस कोरडे कापले होते. त्या बाईंनी महिनाभर डोक्यावरचा रुमाल काढला नाही."

ज्या फजितीला काका पस्तीस वर्षे भीत होते, ती अशी पाच मिनिटांत उरकली. पुढचे आठ दिवस ते सर्वांत आधी येऊन बसत.

परीक्षेच्या दिवशी ड्रायव्हर आपल्या थोरल्या भावाला घेऊन आला. "माझं काही उरलं नाही," म्हणाला, "ह्याचं करा." काकांनी कोरडेच कापले. बाईंनी बोटे फिरवून पाहिली आणि मान डोलावली.

मग अर्ज भरायचा होता. त्यात एक प्रश्न होता : यापूर्वी वंशावरून कुणाला सेवा नाकारली आहे काय? बाकीच्या अकरा जणांनी झरझर 'नाही' लिहिले. काकांचे पेन थांबले. भाऊ अजून आरशासमोर मान वळवून पाहत होता. काकांनी 'हो' लिहिले.

"काका, आपल्या हाताने पायावर धोंडा," शेजारचा सलूनवाला पुटपुटला.

कारकून गडबडला. "हो लिहिलं तर चौकशी लागते. परवाना अडकेल. बदलता का?"

"नको. बदललं तर पुन्हा मशीन बिघडल्यासारखं होईल."

कारकुनाला काही उमगले नाही. चौकशी चौथ्या दिवशी लागली. ते तीन दिवस काका खुर्चीचे स्क्रू घट्ट करत बसले, आणि बायको त्यांना नेहमीपेक्षा जास्त वाढत राहिली. समितीपुढे अध्यक्षांनी विचारले, "का नाकारलंत?"

"येत नव्हतं. आणि येत नाही म्हणायची लाज वाटत होती."

"मग आम्ही कुणावर कारवाई करायची?"

"माझ्यावर करा. पण त्या कागदावर असं विचारलंत की सगळे नाहीच लिहिणार. काय येत नाही, ते विचारा. ते लिहायला फार हिंमत लागत नाही."

समितीने परवाना दिला, पण अट घातली : वर्षभर आठवड्यातला एक दिवस काकांनी बंदरवस्तीत बाईंच्या दुकानात काम करावे. पुढच्या वर्षीच्या अर्जात प्रश्नही काकांनी सांगितला तसा बदलला, आणि बारापैकी नऊ जणांनी त्याचे उत्तर लिहिले. सलोखा मोजण्याचे माप कुणाकडे नाही. पण नऊ माणसांनी आपले न्यून स्वतःच्या अक्षरात लिहून देणे ही लहान गोष्ट नव्हे.

काकांना ती अट शिक्षा वाटली नाही. बाईंचा चहा बरा असे. रविवारी काकांच्या सलूनच्या बाकावर आता दोन्हीकडची माणसे असतात. परवा चढावरचे निवृत्त पोस्टमास्तर आणि बसड्रायव्हर यांची चांगलीच जुंपली.

"माझा नंबर आहे," पोस्टमास्तर म्हणाले.

"तुम्ही पेपर आणायला गेलात. उठलं की नंबर गेला."

"पेपर सगळ्यांसाठी आणला."

"मग वाचा की मोठ्यानं. तोवर माझं होतं."

काकांनी मध्ये पडायचे टाळले. अशा भांडणाला समिती लागत नाही, हे त्यांनी ओळखले आणि मजेत वस्तऱ्याला धार लावत राहिले.