वसंताची मिता

वसंता गेल्याचं मिताने फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी तिच्यावर ओरडलोच. "काहीतरी काय बोलतेस! परवा लायब्ररीत भेटला होता मला." ती म्हणाली, "काका, शेजारच्या आंटीने बघितलं सकाळी. खुर्चीतच होता बाबा..." इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत, चाळीस वर्षं मला 'ए शहाण्या' म्हणून हाक मारणारा एकच माणूस होता. आता सगळे 'अहो काका' म्हणतात. सहा आठवडे झाले, सवय होत नाही.

वसंता बसड्रायव्हर. तो रिटायर झाला, पाठोपाठ शैलावहिनी गेल्या, आणि घरात एकट्यासाठी कशाला हीटिंग लावायचं म्हणून हा लायब्ररीत जाऊन बसू लागला. एक दिवस धापा टाकत माझ्या दारात. "अरे, आपल्या मिताचं नाव पुस्तकात आहे!" कसलं नाव नि कसलं काय! दक्षिण अमेरिकेत स्पॅनिश राजवटीने जी वेठबिगारी चालवली, तिला म्हणत मिता. अँडीजच्या डोंगरातल्या मूळच्या लोकांना गावागावांतून पाळी लावून चांदीच्या खाणीत धाडायचे. माणूस निघाला की घरचे तो मेल्यासारखे रडायचे. लाडक्या लेकीचं नाव असं निघालेलं पाहून मला हसू आलं. तो हसला नाही. साठी उलटल्यावर स्पॅनिशच्या क्लासला जाऊ लागला, खुळ्यासारखा त्या एका शब्दामागे लागला, आणि शेवटी शोधूनच काढलं त्याने. शब्द स्पॅनिश नव्हताच. तो त्या डोंगरातल्या लोकांचा, अर्थ पाळी. स्पॅनिश येण्याआधी ते आपल्या राजासाठी पाळीपाळीने रस्ते, पूल, कालवे बांधायचे आणि राबणाऱ्याला पोटभर खायला-प्यायला मिळायचं. "म्हणजे आपली इर्जिकच की रे!" तो म्हणाला. मी मास्तर. "जवळपास," म्हटलं. "इर्जिक म्हणजे एकाच्या नांगरटीला सगळ्यांनी आपापले बैल घेऊन जायचं आणि संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायचं. राजाच्या कामाला इर्जिक म्हणत नाहीत." "गप रे शहाण्या," तो म्हणाला.

मग त्याने त्या लोकांच्या एका उठावाची हकिगत मराठीत लिहायला घेतली. माणसं न्यायला आलेल्या मुकादमाला गावाने परत पाठवलं, दोरांचे पूल कापले, डोंगरावरून शंख फुंकले... पुढे फौज आली आणि सगळं चिरडलं. "हरलेच ना शेवटी? मग लिहायचं कशाला?" मी विचारलं. "एकदा तरी नाही म्हणाले ना! आणि मी मितासाठी लिहितोय." "तिला वाचता कुठे येतं मराठी?" त्यावर माझ्यावरच उखडला. "तुझ्या रविवारच्या मराठी वर्गात तू तिला बाराखडीसुद्धा धड शिकवली नाहीस!" खरंच होतं ते.

मिता मँचेस्टरला हॉस्पिटलमध्ये नोकरीला आहे. दर रविवारी दोन तास गाडी चालवून बापाकडे यायची, फोनमध्ये डोकं घालून तासभर बसायची आणि निघायची. अशाच एका रविवारी वसंताचं डोकं फिरलं आणि तो म्हणाला, "वेठ वारायला येत जाऊ नकोस." मला हे फार नंतर कळलं. त्या संध्याकाळी मला फक्त तिचा फोन आला. "काका, वेठचा अर्थ काय असतो?" मला काय आनंद झाला म्हणून सांगू! कुणी शब्दाचा अर्थ विचारला की मी सुटतोच. दहा मिनिटं बोललो. वेठ म्हणजे जबरदस्तीने करून घेतलेलं काम, त्याला मोबदला नाही, नकार द्यायची सोय नाही... वर तिच्या बापाच्या त्या खाणींचा दाखलाही दिला. ती म्हणाली, थँक यू काका. कशासाठी विचारतेस, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर ती आली नाही. पाच महिने! वसंता रविवारी दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून बसायचा. मी गेलो की म्हणायचा, "कामात असेल." बाप हट्टी, लेक त्याहून हट्टी, फोन कोणी करायचा? आणि आमच्यासारखा मित्र समोर बसून चहा पीत होता.

घर रिकामं करायला आली तेव्हा तिने त्या उठावाच्या हकिगतीची वही माझ्यापुढे धरली. "बाबाचा हा वही वाचून दाखवाल?" म्हणून आता रविवारी मी त्या घरी जातो. ती त्याच्या खुर्चीत बसते, मी वाचतो. मागच्या रविवारी पूल कापण्यापर्यंत आलो आणि मला पुढे वाचवेना. म्हटलं, "मिता, मी तुला अर्धाच अर्थ सांगितला गं. वेठ वारणे हा वाक्प्रचार आहे. मन नसताना काम उरकायचं, एवढाच त्याचा अर्थ. तो रुसला होता. तुला हवा होता म्हणून रुसला होता. चूक माझी."

ती म्हणाली, "काका, मीनिंग मला माहीत होता. फोनच्या आधीच गूगल केलेलं मी."

"मग मला कशाला विचारलंस?"

"तुम्ही बाबाचे फ्रेंड ना... मला वाटलं, तुम्ही विचाराल, हे तुला कोण बोललं?"

मी वही पुन्हा उघडली. वसंताचं अक्षर मला लागेना.